घरी उदोन: आधी दाशी, मग नूडल्स (पूर्ण शाकाहारी पद्धतीसकट)

योदोगावाकाठी

जपानी नूडल्स म्हटलं की हल्ली सगळ्यांना आधी रामेन आठवतं. पण रामेन इथे बहुतेक लोक दुकानात जाऊनच खातात, त्या सूपसाठी घरी तासन्‌तास हाडं उकळत कोण बसणार. घरात कोणाला ताप आलाय, पोट बिघडलंय, पोरगं परीक्षेसाठी रात्री जागतंय किंवा नुसतीच कडाक्याची थंडी पडलीये, तर जपानी घरात गॅसवर जे पातेलं चढतं ते उदोनचं. गव्हाच्या पिठाचे जाड, पांढरे, गुळगुळीत नूडल्स, त्यावर गरम निवळ रस्सा आणि चिरलेली कांद्याची पात, बास. हे झालं काके उदोन. त्यावर गोडसर शिजवलेल्या तळलेल्या टोफूचा तुकडा ठेवला की कित्सुने उदोन, जे आमच्या ओसाकाचं. मिनामी-सेंबा भागात उसामी-तेई मात्सुबाया नावाचं 1893 पासूनचं दुकान आहे, कित्सुने उदोन तिथेच सुरू झालं असं इथे सांगतात.

धागा काढायचं कारण असं की नेटवर उदोनच्या ज्या पाकृ दिसतात त्यात व्हेज स्टॉक, लसूण, तिळाचं तेल, चिली सॉस असं काय काय असतं. ते चवीला वाईट नसेल, पण खाऊन जीव शांत व्हावा असं जे या वाडग्यात आहे ते सगळं दाशीत आहे, म्हणजे रश्शाच्या मूळ पाण्यात. दाशी जमली असेल तर नूडल्स फ्रोझन आणले तरी काही बिघडत नाही, पण दाशीच नसेल तर हाताने केलेल्या नूडल्सचं सुद्धा चीज होत नाही. आणि दुसरं म्हणजे शाकाहारी लोक धरूनच चालतात की माशाशिवाय हे होणार नाही. आमच्या घरात दोघं शाकाहारी आणि दोघं मासे खाणारे आहेत, दोन्ही दाशी नेहमी होतात, आणि शाकाहारी दाशी ही तडजोड अजिबात नाहीये हे मला इथे नीट सांगायचंय.

आधी कोंबू. समुद्रातलं जाड वाळवलेलं पान, जवळपास सगळं उत्तरेला होक्काइदोत निघतं. एदो काळात कितामाएबुने नावाची गलबतं ते जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली ओसाकाला आणायची, त्यामुळे इतक्या लांब उगवणारी वस्तू इथल्या स्वयंपाकाचा पाया होऊन बसली. ओसाकात मा-कोंबू जास्त वापरतात, क्योतोत रिशिरी. हिदाका स्वस्त मिळतं पण ते शिजवून खायला जास्त चांगलं. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम कोंबू. वर पांढरी भुकटी दिसेल ती बुरशी नव्हे, धुवून टाकू नका, ओल्या फडक्याने फक्त धूळ पुसा. रात्री पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी त्याच पाण्यासकट अगदी मंद आचेवर, आणि पातेल्याच्या काठाला बारीक बुडबुडे दिसायला लागले की कोंबू बाहेर काढायचं. उकळू द्यायचं नाही. उकळलं की पाणी बुळबुळीत होतं आणि उग्र वास येतो जो पुढे कशानेही जात नाही. रात्री भिजवायचं राहिलं असेल तर पाणी साधारण 60 अंशावर धरून तासभर ठेवलं तरी छान उतरतं.

पाणी मात्र मऊ हवं. बोअरच्या जड पाण्यात कोंबूचा अर्क नीट उतरत नाही, तेव्हा भारतात करणाऱ्यांनी फिल्टरचंच घ्या.

मासे चालत असतील तर कोंबू काढून पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करून 20 ग्रॅम कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पातळ काप) घाला, दोनेक मिनिटांत ते खाली बसले की सुती फडक्यातून गाळा. फडकं पिळायचा मोह होतो, पिळू नका, गढूळ होतं.

शाकाहारी दाशीसाठी चार-पाच सुके शिताके मशरूम वेगळ्या भांड्यात गार पाण्यात, हे पण रात्रभर फ्रिजमध्येच. गरम पाण्यात अर्ध्या तासात फुगतात खरे पण चव तशी येत नाही. सकाळी हे पाणी गाळून कोंबूच्या पाण्यात मिसळायचं आणि सावकाश तापवायचं, घाईने मोठ्या आचेवर नाही, कारण शिताकेमधला चवीचा जो घटक आहे तो पाणी 60-70 अंशाच्या टप्प्यातून जाताना तयार होतो.

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगते कारण मला ते फार आवडतं. 1908 साली तोक्योच्या इंपीरियल युनिव्हर्सिटीतल्या किकुनाए इकेदा यांनी कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. 1913 मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. पुढे शिताकेतलं ग्वानिलेट कळलं, आणि हेही कळलं की ग्लुटामेटबरोबर या दोघांपैकी एक जरी असलं तरी चव नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटीने वाढते. म्हणजे कोंबू + मासा जे काम करतो तेच काम कोंबू + शिताके करतं. बौद्ध मठांत शोजिन रयोरी म्हणजे पूर्ण शाकाहारी जेवण शतकानुशतकं बनतंय, ते लोक हीच दाशी वापरत आलेत, त्यांना हे रेणू माहीत नसताना.

आता रस्सा. दोन मोठ्या वाडग्यांसाठी 800 मिली दाशी, 3 मोठे चमचे उसुकुची सोया सॉस, 2 मोठे चमचे मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोडसर दारू), आणि चव बघून चिमूटभर मीठ. उसुकुची म्हणजे फिक्या रंगाचा सोया सॉस, ह्योगोमधल्या तात्सुनोचा प्रसिद्ध आहे. रंग फिका असला तरी तो नेहमीच्या सोया सॉसपेक्षा खारट असतो हे लक्षात ठेवा. भारतात नसेल मिळत तर साधा जपानी पद्धतीचा नैसर्गिक आंबवलेला सोया सॉस दोन चमचे आणि बाकी मीठ, म्हणजे रस्सा काळा पडत नाही. मिरिनमध्ये अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी दीड-दोन चमचे साखर घाला. मंद उकळी आली की तयार.

टोफू म्हणजे आबुराआगे, तळलेले पातळ तुकडे इथे तयार मिळतात. त्यावर आधी उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढायचं, नाहीतर रस मुरत नाही. मग एक वाटी दाशी, दीड चमचा साखर, एक चमचा सोया, एक चमचा मिरिन यात झाकण ठेवून रस जवळजवळ आटेपर्यंत शिजवायचं आणि त्यातच गार होऊ द्यायचं. मुरतं ते गार होतानाच, म्हणून मी आदल्या दिवशीच करून ठेवते.

नूडल्स वेगळ्या पाण्यात गरम करून निथळून वाडग्यात, वर रस्सा, टोफू, कांद्याची पात, हवं तर शिचिमी (सात मसाल्यांची तिखट पूड). एकच लक्षात ठेवा, नूडल्स रश्श्यात शिजवायचे नाहीत, पिठाने रस्सा गढूळ होतो.

बाकी कोणी हाताने नूडल्स करत असेल तर लिहा प्लीज, मी फ्रोझनच वापरते.


खादाडखाऊ

वा ताई, वाचनखूण साठवली. मी पुण्यात. दोन प्रश्न, कोंबू आणि शिताके इथे कुठे बघू, आणि उदोनचं पीठ म्हणजे नक्की कुठलं? मैदा की कणीक?


योदोगावाकाठी

@खादाडखाऊ, परदेशी किराणा ठेवणारी दुकानं आणि ऑनलाइन, दोन्हीकडे कोंबू मिळतं. सुशीचं जे पातळ नोरी असतं ते घेऊन येऊ नका, ते वेगळं. शिताके घेताना जाड टोपीचे, कडा आत वळलेले बघा. इथे सुके शिताके सगळ्यात जास्त क्यूशूतल्या ओइता प्रांतातून येतात. पिठाचं जाणकारांना विचारू, मैदा चालतो एवढं माहितीये.


निशीकासाईकर

छान लिहिलंय, पण तोक्योकरांची बाजू पण मांडतो. आमच्याकडचा उदोनचा रस्सा काळाभोर असतो आणि कान्सायची (म्हणजे ओसाका-क्योतोकडची) मंडळी त्याला नावं ठेवतात, पण तो तसा का आहे ते बघा. इकडे कात्सुओबुशी भरपूर आणि सोया सॉस गडद, कारण चिबातल्या नोदा आणि चोशीला गडद सोया सॉसचे मोठे कारखाने एदो काळापासून, माल नदीने थेट शहरात यायचा. शिवाय इकडे सोबा (कुट्टूच्या पिठाचे नूडल्स) खाणारे जास्त आणि सोब्याला तसाच खारट, कडक रस्सा लागतो, तोच उदोनलाही. निस्सिनचं दोनबेई म्हणून इन्स्टंट कित्सुने उदोन आहे, 1976 पासूनचं, ते पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळ्या सूपचं निघतं, डब्यावर बारीक अक्षरात ई किंवा डब्ल्यू छापलेलं असतं. सीमा साधारण मध्य जपानातल्या सेकिगाहाराच्या आसपास धरतात. आम्ही ओसाकाला गेलो की येताना डब्ल्यूवाले घेऊन येतो आणि घरी दोन्ही शेजारी ठेवून खातो, फरक पहिल्या घोटातच कळतो.

नवीन येणाऱ्या शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं: सुपरमार्केटमधल्या मेनत्सुयूच्या (नूडल्सच्या तयार रश्श्याच्या) बाटल्या, दाशीची पावडर, दुकानातलं साधं काके उदोन, या सगळ्यात मासा जवळजवळ धरूनच चाला. वर काही दिसत नाही म्हणून शाकाहारी समजून खातात लोक. नुसत्या कोंबूची बाटली वेगळी मिळते, पण तिच्यावर सुद्धा मागचं लेबल वाचा, कधीकधी कात्सुओचा अर्क असतोच. दुकानात "दाशी कशाची" हे विचारायला शिका, "मांस नाही ना" असं विचारलं तर मासा त्यात धरतच नाहीत.

अवांतर: ओसाकात तानुकी मागवलं तर तळलेल्या टोफूचा सोबा येतो, तोक्योत तेच मागवलं तर तेम्पुराचे कुरकुरीत कण घातलेला वाडगा. मागवताना सांभाळून.


ताकामात्सुची_पाहुणी

उदोनचा धागा आणि कागावाचं नाव नाही हे कसं चालेल :) मी ताकामात्सुत शिकायला आहे. कागावा हा जपानचा सगळ्यात लहान प्रांत, जुनं नाव सानुकी, आणि इथलं सरकारच 2011 पासून स्वतःला उदोन प्रांत म्हणवून घेतं. इकडे पाऊस कमी, भाताला पाणी पुरायचं नाही म्हणून जिकडेतिकडे तळी बांधलेली आणि भाताच्या जोडीला गहू. बाजूच्या समुद्रात मीठ आणि इरिको (सुकवलेले छोटे मासे, इबुकी बेटाचे सगळ्यात नावाजलेले), आणि शोदो बेटावर सोया सॉस. म्हणजे एका वाडग्याला जे जे लागतं ते सगळं हाकेच्या अंतरावर. आता गहू मात्र बराचसा ऑस्ट्रेलियाचा असतो, खास उदोनसाठीचा, आणि त्याला तोड म्हणून प्रांताने सानुकी-नो-युमे 2000 नावाचं स्वतःचं वाण काढलं.

हाताने करायची पद्धत मी ज्यांच्याकडे राहते त्या आजींकडून शिकले, लिहिते.

पीठ मध्यम प्रथिनांचं लागतं, 8 ते 10 टक्के. भारतातला मैदा साधारण तिथेच बसतो, पाकिटावर बघून घ्या. कणीक नको, कोंड्याने धागा तुटतो. 300 ग्रॅम मैदा, 140 मिली पाणी, 15 ग्रॅम मीठ. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यायचं आणि ते पाणी थोडं थोडं घालत बोटांच्या टोकांनी पीठ नुसतं फिरवायचं, सगळ्या पिठाला ओल लागून रवाळ गोळ्या व्हायला हव्यात. मग त्या दाबून एकत्र करायच्या. गोळा खूप घट्ट आणि खडबडीत दिसेल, इथे पाणी वाढवायचं नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास ठेवा.

आणि मग पायाने तुडवायचं. पिशवी जमिनीवर, वर जाडसं स्वच्छ फडकं, मोजे घालून टाचेने मधून कडेकडे. चपटं झालं की काढून घडी घाला, परत तुडवा, असं तीन-चार वेळा. एवढं घट्ट पीठ हाताने तिंबणं मनगटाला झेपत नाही, म्हणून अख्ख्या अंगाचं वजन. घडी प्रत्येक वेळी एकाच दिशेने घालू नका, आळीपाळीने फिरवा, तरच चिवटपणा सगळीकडून येतो. शेवटी पीठ गुळगुळीत आणि चकचकीत दिसतं. त्याचा गोळा करून झाकून दोन तास, थंडीत तीन. हे मुरणं टाळलंत तर लाटताना सारखं मागे ओढलं जाईल.

पोळपाट लहान पडतो, स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर कॉर्नफ्लोर भुरभुरून 3 मिमी जाडीचं लाटा. कॉर्नफ्लोर भरपूर, कंजुषी नको. तीन पदरी घडी घालून धारदार सुरीने 3 मिमी रुंदीचे कापा, दाबून नाही, सुरी सरळ खाली. शिजून ते बरेच जाड होतात म्हणून कापताना बारीक वाटले तरी थांबा. मोठ्यात मोठ्या पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्यात 10 ते 12 मिनिटं, पाण्यात मीठ नाही. एक काढून गार पाण्यात बुडवून चावून बघा. झाले की लगेच चाळणीत उपसून नळाखाली गार पाण्यात हातांनी चोळून धुवा, वरचा चिकटपणा पूर्ण गेला पाहिजे. कोशी म्हणतात ती, दाताखाली आधी मऊ आणि मग आतून प्रतिकार, ती या धुण्याने पक्की होते. मग गरम पाण्यात बुडवून वाडग्यात.

मिठाबद्दल इथे जुनं सूत्र आहे, एक वाटी मिठाला उन्हाळ्यात तीन वाट्या पाणी, कडक थंडीत सहा, एरवी पाच. गरमीत पीठ सैल पडतं आणि मीठ त्याला आवळून धरतं. घरी एवढं मीठ लागत नाही पण तत्त्व उपयोगी आहे, एप्रिल-मेमध्ये नागपूरला करणार असाल तर 15 ऐवजी 18 ग्रॅम घ्या, जानेवारीत 12 पुरे.


खादाडखाऊ

बाप रे काय तपशील आहे, धन्यवाद. मीठ बरंच वाटतंय पण, रस्सा पण खारट, जड नाही होणार?


ताकामात्सुची_पाहुणी

नाही, त्यातलं बहुतेक मीठ उकळताना पाण्यात निघून जातं. म्हणून तर पाण्यात वेगळं घालत नाहीत आणि ते पाणी रश्श्यात वापरत नाहीत.


योदोगावाकाठी

@ताकामात्सुची_पाहुणी फार सुंदर लिहिलंस. पण कोशीबद्दल मी वाद घालणार. सानुकी उदोन जपानभर गाजल्यापासून सगळे म्हणायला लागले की चिवट असेल तरच खरं उदोन, आणि ते मला पटत नाही. ओसाकाचं उदोन मुळातच मऊ, कारण इथे रस्सा पहिला, नूडल रस्सा पिऊन घेणारा हवा. हाकाता म्हणजे फुकुओकाचं तर त्याहून मऊ, आणि ते काही नवखे नाहीत, तिथल्या जोतेनजी देवळात उदोन-सोब्याच्या उगमाचा दगडी स्तंभ आहे, एन्नी नावाचे भिक्षू 1241 मध्ये चीनहून परतताना दळण्याचं तंत्र घेऊन आले असं तिथे मानतात. आणि इसेला जाऊन बघ. इसे उदोन अंगठ्याएवढं जाड, तासभर उकळतात, वाडग्यात रस्सा नसतोच, तळाला तामारीचा (दाट सोया सॉसचा) काळा दाट रस, ढवळून खायचं. दात न लावता तुटतं. इसेच्या मोठ्या देवळाला दिवसचे दिवस चालत येणाऱ्या यात्रेकरूंना पोटाला हलकं असं ते वाढायचे. आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना चिवट नूडल देणार का आपण? तेव्हा ज्यांना आजारपणातलं उदोन करायचंय त्यांनी शिजायची वेळ सरळ पाच मिनिटं वाढवा, आणि धुतल्यावर मातीच्या भांड्यात रश्श्यासकट एक मंद उकळी द्या, वर अंडं फोडून झाकण ठेवा. हो, मी वर रश्श्यात शिजवू नका म्हटलंय, पण धुतलेल्या नूडल्सना ही उकळी चालते, पीठ आधीच गेलेलं असतं.


ताकामात्सुची_पाहुणी

अंगठ्याएवढं जाड हे जरा जास्तच झालं, पण मुद्दा मान्य, खूपच जाड असतं :) ताप असताना मऊच हवं, आजी सुद्धा तेव्हा जास्त शिजवतात. पण बरं असताना, विशेषतः पहाटे उघडणाऱ्या गिरणीवजा दुकानात, जिथे आपणच चाळणीत नूडल गरम करायचे आणि नळाखाली वाडगा धरून दाशी घ्यायची, तिथलं नुकतंच शिजलेलं उदोन खाल्लंत तर कोशीसाठी लोक फेरी पकडून का येतात ते कळेल. त्याच्यासाठी रस्सा सुद्धा लागत नाही, नुसते दोन थेंब सोया सॉस. इथे त्यावर कच्चं अंडं पण घालतात (कामातामा), भारतात करणाऱ्यांनी कच्च्या अंड्याचा हा प्रकार टाळावा, इथली अंडी कच्ची खाण्याच्या हिशोबाने विकली जातात.


फुजीपल्याड

मी यामानाशीत, कोफूला. नूडल्स वेगळे उकळायचेच नाहीत असाही एक प्रकार इथे आहे, होतो. पीठ नुसतं पाण्यात मळतात, मीठ अजिबात नाही, रुंद चपट्या पट्ट्या कापून कच्च्याच सरळ भाज्यांच्या पातेल्यात टाकतात. लाल भोपळा असलाच पाहिजे, सोबत बटाटा, गाजर, मशरूम, कोबी, आणि शेवटी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट). पट्ट्यांच्या पिठाने रस्सा दाट होतो आणि भोपळा अर्धा विरघळून जातो. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी सासूबाईंना फोन करून सांगितलं की इथे लोक चकोल्या खातात. खरंच तीच रीत आहे, उकळत्या वरणात कच्ची फळं सोडायची, फक्त तूरडाळीच्या जागी मिसो. मीठ का नाही तेही उघड आहे, वेगळं उकळून काढून टाकायची सोयच नाही, सगळं मीठ रश्श्यातच राहील.

ज्यांना तुडवणं, मुरवणं, कापणं जमणार नाही त्यांनी होतोने सुरुवात करा. मैदा आणि कणीक निम्मी निम्मी घेतली तरी मस्त होतं. भारतात मिसो मिळालं नाही तर मात्र हे करू नका, ती चव दुसऱ्या कशानेही येत नाही.


सुगरणीचा_खोपा

@फुजीपल्याड चकोल्या वाचून इतकं बरं वाटलं! आमच्या साताऱ्याकडे थंडीत संध्याकाळी हेच. लाल भोपळा घालून बघते आता.


रानजाई

धागा आवडला. एक शंका, मला थायरॉइडची गोळी चालू आहे, कोंबू चालेल का? आणि यजमानांना बीपी आहे.


योदोगावाकाठी

@रानजाई, कोंबूत आयोडीन फार म्हणजे फारच असतं, आणि ते दाशीच्या पाण्यात उतरतं, तेव्हा तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका घेऊ. विचारताना "समुद्री शेवाळ" एवढंच न म्हणता कोंबू असं नाव सांगा, कारण नोरीत त्या मानाने खूप कमी असतं. तोपर्यंत कोंबू न घालता शिताकेची दाशी करा. मठांतल्या स्वयंपाकात दाशीला भाजलेले सोयाबीन, वाळवलेला मुळा हे पण वापरतात. मूठभर सोयाबीन खमंग भाजून शिताकेबरोबर भिजवा, खूप छान गोडसर चव उतरते, मला तर ती वेगळी म्हणून आवडते.

बीपीसाठी, रस्सा सगळा पिऊ नये. नूडल्स आणि टोफू खाऊन रस्सा वाडग्यात ठेवायचा. इथे दुकानात सुद्धा खूप लोक ठेवतात, त्यात काही वावगं मानत नाहीत. आणि दाशी घट्ट केली, म्हणजे कोंबू-शिताके थोडे जास्त घेतले, तर सोया सॉस निम्मा करूनही फिकं लागत नाही, हे करून बघा.


निशीकासाईकर

कारे उदोन राहिलंच की. करी इंग्रजांमार्फत मेइजी काळात जपानात आली आणि मग प्रत्येक घराची झाली. आदल्या दिवशीची उरलेली करी असली की दुसऱ्या दिवशी त्यात दाशी घालून पातळ करायची, थोडा सोया सॉस, मग पाण्यात कालवलेलं बटाट्याचं स्टार्च (कॉर्नफ्लोर चालेल) घालून परत दाटसर, आणि उदोनवर ओतायची. स्टार्चमुळे ती नूडलला धरून राहते आणि शेवटपर्यंत गरम राहते. आमच्या मुलांचं थंडीतलं सगळ्यात आवडतं जेवण हेच. दाशी न घालता नुसती करी ओतली तर ती करी आणि नूडल्स अशा दोन वेगळ्या गोष्टी लागतात, दाशीने एक होतात. शाकाहारींसाठी परत तेच, करीसाठी मिळणाऱ्या तयार रूच्या (चरबीत भाजलेलं पीठ आणि मसाला) वड्यांमध्ये बहुतेक वेळा गाईची किंवा डुकराची चरबी असते, लेबल बघा. सरळ घरी बटरमध्ये मैदा तांबूस भाजून त्यात करी पावडर घातली की झालं, काही अवघड नाही.


खादाडखाऊ

रिपोर्ट द्यायला आलो. शनिवारी केलं, मैदा 300 ग्रॅम, पाणी 140, मीठ 16 कारण इथे अजून उकडतंय. तुडवायला मुलगी होती, तिने घडी घालून घालून पाच वेळा केलं, सोडायलाच तयार नव्हती. पीठ शेवटी खरंच चकचकीत झालं. दाशी कोंबू-शिताकेची. आई (वय 74) पहिल्या घोटाला म्हणाली यात काहीच दिसत नाही मग एवढी चव कुठून येतेय, आणि दुसऱ्यांदा घेतलं. तिचे नूडल्स योदोगावाताईंच्या सांगण्याप्रमाणे पाच मिनिटं जास्त शिजवले, आमचे सानुकीसारखे, त्यामुळे दोन्ही पक्षांना एकेक मत.

आबुराआगे कुठेच मिळालं नाही. घट्ट टोफूचे पातळ काप तळले, चव मुरली पण फुगले नाहीत. काही युक्ती आहे का? आणि उरलेले नूडल्स ठेवता येतात का?


योदोगावाकाठी

अरे वा, आईंनी दुसऱ्यांदा घेतलं म्हणजे जमलंच! टोफू फुगायला मुळात वेगळा बनवलेला लागतो, कमी दाट दुधाचा, त्यामुळे साध्या टोफूचं पुरतं तसं होणार नाही. तरी जवळ जायचं तर सेंटीमीटरभर जाडीचे काप करून फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून तासभर पाणी काढा, मग आधी 120 अंशाच्या कोमट तेलात सावकाश, आणि नंतर 180 च्या कडकडीत तेलात तांबूस होईपर्यंत. दोन वेळा तळणं महत्त्वाचं. आणि मग उकळतं पाणी ओतायला विसरू नका.


ताकामात्सुची_पाहुणी

नूडल्स शिजवून धुवून निथळून एकेका वाडग्याचे गोळे करून पिशवीत चपटे फ्रीझ करा. महिनाभर छान राहतात. वापरताना बाहेर काढून वितळवायचे नाहीत, तसेच थेट उकळत्या पाण्यात मिनिटभर. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नुसते ठेवले तर दुसऱ्या दिवशी कोरडे आणि ठिसूळ होतात.


सुगरणीचा_खोपा

दाशी काढून झाल्यावर ते कोंबू आणि शिताके टाकून द्यायचे का? जिवावर येतंय.


योदोगावाकाठी

अजिबात टाकायचं नाही. शिताके तर कापून टोफूबरोबर त्याच गोड रसात शिजवा, वाडग्यात वर ठेवायला होतात. कोंबू दर वेळचं फ्रीझरमध्ये साठवत जा, चांगलं मूठ-दोन मूठ जमलं की त्सुकुदानी करा. बारीक पट्ट्या कापायच्या, बुडेल एवढं पाणी आणि एक चमचा व्हिनेगर घालून आधी मऊ होईपर्यंत शिजवायचं, मग सोया सॉस, मिरिन, साखर घालून रस पूर्ण आटवायचा, वर भाजलेले तीळ. गरम भाताबरोबर चमचाभर पुरतं, बरणीत आठवडाभर टिकतं. व्हिनेगर आधीच घालायचं, त्याशिवाय कोंबू लवकर मऊ पडत नाही आणि सोया सॉस आधी गेला तर चामट राहतं.